सुभाषच्या फोनवर येणारा ओटीपी

सुभाष गेल्याचं मला कारंज्याला, माझ्या पिठाच्या चक्कीवर कळलं. आवाजात भावजय फोनवर काय सांगते ते ऐकू येईना, म्हणून चक्की थांबवली आणि मग ऐकलं. रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही. माझा धाकटा भाऊ, पन्नाशीही गाठली नव्हती. गिऱ्हाइकांना अर्धवट दळण परत केलं आणि आसेगावची बस धरली. रडणं नंतर झालं, तेही थोडंच. आज लिहायला बसले ते दुःखापेक्षा किळस आली म्हणून.

सुभाषचं काम परांच्यांचं. इमारतीभोवती पाइप आणि फळ्यांचा जो सांगाडा असतो, ज्यावर उभं राहून गवंडी भिंत रचतात, तो उभारायचा आणि रोज सकाळी तपासायचा. तपासणं त्याच्या अंगातच होतं. लहानपणी नागपंचमीला लिंबाला झोका बांधला की आम्हा बहिणींना तो आधी बसू देत नसे. "आधी मी लोंबकयतो, मंग तुमी बसा," म्हणायचा, आणि कितीदा तरी धपकन आपटायचा. कामावरही तसाच. सगळ्यांच्या आधी स्वतः वर चढायचा, एकेक जोड हाताने हलवून पाहायचा, सैल असला तर पान्याने आवळायचा आणि मगच माणसांना हाक मारायचा. कोणी घाई केली तर म्हणायचा, "मरायचं असन तं घरी जाऊन मर, माया परांचीवर नाई."

मग मंगरुळपीरला एका मोठ्या इमारतीच्या कामावर तपासणीचं ॲप आलं. तो खास कारंज्याला येऊन मला ते दाखवून गेला. जोड आवळले का, कठडा आहे का, फळी हलते का... प्रत्येक प्रश्नाला हिरवं किंवा लाल बटण, सोबत फोटो. "पाय ताई, आता कोनाले फसवता येत नाई." मलाही ते पटलं.

पहिल्याच आठवड्यात त्याने एक लाल दाबलं. एका बाजूला कठडा नव्हता. काम थांबलं आणि इंजिनिअरला वरून फोन आला. तो याला म्हणाला, "सुभाषभाऊ, लाल दाबायचंच नाही. आधी हिरवं करा, दुरुस्ती मागून होत राहते." आणि माझा हा भाऊ, तोंडावर शिव्या घालणारा, हिरवं दाबू लागला. पुढच्या खेपेला भेटला तेव्हा जुनेच फोटो पुन्हा पुन्हा कसे टाकतो ते मला हसत दाखवत होता.

"लाज नाई वाटत?" मी म्हटलं.

"मी वर चढतोच ना ताई. हातानं आवयतो, मंग हिरवं दाबतो."

"मंग आधी सैल होतं हे कोनाले समजते?"

"मले समजते ना... बस झालं."

ते उत्तर मला तेव्हाही आवडलं नव्हतं. ॲप खोटं बोलत होतं आणि त्याचे हात ते खोटं निभावून नेत होते. हात होते तोवर चाललं.

तेरवी झाल्यावर मी भावजयीजवळ, सरलाजवळ, थांबले. दुसऱ्या सकाळी सुभाषचा फोन वाजला. सरलाने पदराला हात पुसले, फोनवर आलेला आकडा वाचून सांगितला आणि फोन ठेवून दिला. विचारलं तर म्हणाली, "कामावरून रोजच मांगतात ताई. यायच्या कामाच्या पैशाचे कागद लवकर होतीन म्हनते." मी फोन घेऊन ॲप उघडलं. तो गेल्यापासून परांची रोज तपासलेली होती. तपासणारा: सुभाष. सगळं हिरवं. त्याला स्मशानात नेलं त्या दिवशीही त्याने कठडा पाहिला होता. त्या रात्री फोन मी माझ्या उशाशी ठेवला.

पुढच्या सकाळी फोन मी उचलला. इंजिनिअरच होता.

"वहिनी, ओटीपी सांगा. माणसं खाली उभी आहेत."

"मी सुभाषची बहीन. आज वर कोन चढलं तपासाले?"

"ताई, ते नुसतं लॉगिन असतं."

"तो मेला हे मालूम हाये ना तुमाले? हार तं घेऊन आले होते."

"नवीन माणसाचा आयडी यायला वेळ लागतो ना ताई." मग आवाज गोड करून म्हणाला, "वहिनींचे कागद माझ्याच टेबलावर आहेत. उगाच अडकायला नकोत."

मी सरलाकडे पाहिलं. कागद तिचे होते, पुढचं घर तिला चालवायचं होतं. तिच्या जिवावर मी शूर होण्यात अर्थ नव्हता. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. "चाला ताई," म्हणाली.

मंगरुळपीरला पोचलो तेव्हा परांचीखाली गवंडी आणि घमेली घेतलेल्या बाया खोळंबल्या होत्या. सरला आजवर कधी चार माणसांत बोलली नव्हती. "भाऊ हो, हे गेले तेव्हापासून वर कोनी चढलं नाई," ती म्हणाली. "घरात बसून मीच पास करत होती." घमेली खाली ठेवली गेली. एक म्हातारे गवंडी इंजिनिअरला म्हणाले, "साहेब, आज तुमी चढा." कोणी हसलं नाही.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चढला. पहिल्याच टप्प्यावर आधाराला त्याने एक जोड धरला, तो त्याच्या मुठीत गरकन फिरला. तसाच खाली उतरला. ज्याला वेळ लागत होता तो आयडी दुपारपर्यंत आला. सरलाचे कागद अजून आलेले नाहीत.

त्या सकाळी खाली उतरल्यावर इंजिनिअर रुमालाने हातावरचा गंज पुसत होता. सरला ते पाहत उभी होती.

"यायच्या हाताले रोज असाच गंज राहे," ती मला म्हणाली. "जेवाच्या आधी मी दोन-दोनदा हात धुवाले लावो... तरी भाकरीले वास लागे."