नेव्हिओचं नाक आणि माझा अंगठा

इटलीतल्या आमच्या लांगिरानोत नेव्हिओ मास्तरांच्या नाकाला जेवढा मान होता तेवढा पाद्रीबाबांच्या शब्दालाही नव्हता. डुकराच्या खारवलेल्या मांड्या वर्षभर टांगून वाळल्या की मास्तर खिशातून घोड्याच्या हाडाचं दाभण काढायचे, एकेका मांडीत पाच ठिकाणी खुपसायचे आणि दर वेळी नाकाखाली धरायचे. हाड क्षणभर वास धरून ठेवतं आणि लगेच सोडून देतं. त्या क्षणात ते म्हणायचे, "पुढे," किंवा, मांडी नासलेली असली तर, "बाजूला." मी मागोमाग अंगठ्याने चरबी लावून भोकं बुजवायची. वीस वर्षं हेच माझं काम.

त्या नाकासाठी त्यांनी काय नाही केलं! सकाळची कॉफी सोडली, लसूण सोडला. त्यांच्या बायकोने, दिर्चेने, लग्नात लावलं ते शेवटचं अत्तर. "नवरा नाही, कुत्रा केलाय मी," असं ती चारचौघांत म्हणायची आणि मास्तर खूश व्हायचे.

दोन वर्षांमागे जानेवारीत मास्तरांना ताप आला. बरे होऊन आले त्याच आठवड्यात एका मांडीतून दाभण निघालं आणि कुजका वास माझ्यापर्यंत आला. मास्तर शांतपणे म्हणाले, "पुढे."

माझा अंगठा जागच्या जागी थांबला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग मांडीकडे. "बाजूला," म्हणाले. त्यावर आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही, पण ठरून गेलं. वास चांगला असला की मी लगेच चरबीत अंगठा बुडवायची, नसला की थांबायची. मला वाटायचं, मी पुण्य करतेय.

वसंतात विद्यापीठातली आगाता वास ओळखणारं यंत्र घेऊन आली. दूर दक्षिणेतल्या कातानियाची पोर, चटचट बोलणारी. त्या यंत्रातली चिप माणसाच्या मेंदूसारखी बांधलेली होती. वास आला की आपल्या नाकातल्या नसा बारीक झटके देतात, तसेच ती चिप देते, असं आगाता सांगायची. "याला नियम सांगून कळत नाही, मास्तर. लहान मुलासारखं तुमचं बघून शिकेल." दाभण काढलं की ती भोकाशी नळी धरायची आणि मास्तरांचा निकाल आत भरायची. वर्षभर ती माझ्या शेजारी उभी होती. तिची विद्यापीठातली नोकरी या एका यंत्रावर टिकून होती, हे तिने मला डब्यातलं वांगं वाढता वाढता सांगितलं होतं.

यंत्र शिकत होतं ते माझ्या अंगठ्याकडून. हे मला कळत होतं आणि मी गप्प होते.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी आगाता म्हणाली, "इओलेताई, आज चरबी खोलीत नको. तिच्या वासाने गोंधळ होतो. भोकं नंतर बुजवा." मी वाडगा घेऊन दाराबाहेर उभी राहिले. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

वीस मांड्या होत्या. मास्तर वीसही वेळा म्हणाले, "पुढे." यंत्राने तीन नाकारल्या.

मालक फुल्वियो खो खो हसले. "अगं, तुझ्या यंत्राला सर्दी झालीय! ज्याच्याकडून शिकलं त्यालाच उलट उत्तर?"

"त्या तीन कापून बघू या," आगाता म्हणाली.

मास्तरांनी शब्द दिल्यावर मांडी कापायची म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकायचं. मालकांनी नकारार्थी मान हलवली. आगाता लाल झाली. "मग चूक माझीच असेल," ती म्हणाली आणि तारा गुंडाळू लागली. आत पाऊल टाकायला मला एवढंसं अंतर होतं. मी टाकलं नाही. त्या तिनांतल्या दोन मांड्या विकल्या गेल्या. त्या कुणाच्या ताटात पडल्या असतील, हा विचार अजून घास अडवतो.

तिसरी मास्तरांनी स्वतःच्या घरी मागवली. पुढच्या रविवारी, दिर्चे चर्चला गेल्यावर, मला बोलावलं. टेबलावर सुरी होती. तिला त्यांनी हात लावला नाही. दाभण खुपसलं, काढलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नाकाखाली धरलं.

घाण मारत होतं.

"चांगली आहे, मास्तर," मी म्हणाले.

"मग बुजव भोक." त्यांनी चरबीचा वाडगा पुढे सरकवला.

माझा हात उठेना. मास्तर माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, अंगठ्याकडे बघत होते. मग ते उठले आणि फोन लावला.

"आगाता, पोरी, तुझं यंत्र बरोबर होतं. सव्वा वर्ष झालं, मला वासच येत नाही. चोर मी आहे."

पलीकडून ती म्हणाली की यंत्र परत गेलं, त्याचं शिकलेलं सगळं शुक्रवारी पुसून टाकलं आणि तिनेही टेबल रिकामं केलंय. मग तिने विचारलं, "पण मास्तर, ते शिकलं कुणाकडून?"

मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला.

"माझ्याकडून," मी म्हणाले. "इओले."

ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही दारातच होतात ना?"

"होते," मी म्हणाले.