दिवा लागला की तेल बदलू

आमच्या गाडीचं इंजिन जाम झालं, त्या दिवशी डॅशबोर्डवर सगळं व्यवस्थित होतं. एकही दिवा लागलेला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. तेव्हाही शपथेवरच सांगितलं होतं, पण ऐकणारी माणसं पोट धरून हसायला लागली की शपथेला कोण विचारतो!

नांदूरघाटला आमचं किराणा-कापडाचं दुकान. ती वर्षंच अशी होती की रोज काहीतरी नवीन येऊन पडायचं. शांपू पुडीत आला, फोन काचेच्या खोक्यात आला आणि ज्यांच्या सात पिढ्या बैलगाडीत गेल्या, त्यांच्या दारात चारचाकी आली. आमची लातूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, पांढरी. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तिच्या कपाळावर (बॉनेटवर) विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला आणि चावी माझ्या हातात दिली. डॉक्टर म्हणाले होते, दर पाच हजार किलोमीटरला इंजिनचं तेल बदलत जा. केजच्या रज्जाकभाई मेकॅनिकनंही तोच आकडा सांगितला. दोन जाणत्या माणसांनी एकच आकडा सांगितल्यावर शहाण्याला खात्री पटली असती. मला संशय आला.

कारण मी दुकानदाराचं पोर. गिऱ्हाइकाच्या घरातला डबा रिकामा व्हायच्या आत त्याला दुसरा डबा कसा घ्यायला लावायचा, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. चांगलं तेल काढून टाकायचं आणि नवीन ओतायचं, हा सरळसरळ धंदा आहे, असं माझं मत पडलं. मग मी गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं. (मी बी.कॉम. दोनदा बसून एकदा पास. पण चित्रं मला इंग्रजीतही कळतात.) त्यात डॅशबोर्डच्या चित्रात एक लाल झारी होती आणि झारीच्या तोंडाशी एक थेंब. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनीनं एवढा खर्च करून दिवा बसवलाय तो कशासाठी? तेल संपलं, खराब झालं की दिवा लागणार. दिवा लागला की तेल बदलू. तोवर रज्जाकभाईंनी दुसरं गिऱ्हाईक बघावं.

हा शोध मी सगळ्यात आधी बायकोला सांगितला. महानंदा बी.एस्सी. बी.एड. आहे, त्यामुळे विज्ञानाच्या गोष्टी मी तिला नीट समजावून सांगत असे.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, भज्याचं तेल चार घाण्यांनंतर काळं पडतंय. ते काय कढई सांगती का आपल्याला? आपणच बघावं लागतंय की."

मी म्हणालो, कढईला डॅशबोर्ड नसतो. यावर ती कढई घासायला उठून गेली. मला वाटलं, हरली. आता वाटतं, ती उत्तर द्यायचा कंटाळा करत होती.

सुरुवातीला चावी फिरवली की ती झारी क्षणभर लागायची आणि गाडी सुरू झाली की विझायची. पुढे दिवाळीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की ती आता तेवढीसुद्धा लागत नाही. चावी फिरवा, गाडी चालवा, बंद करा, झारी गप्प. मला कोण आनंद झाला! माझ्या हाताखाली गाडीची तब्येत सुधारली, असा मी त्याचा अर्थ लावला. दुकानात येणाऱ्या चार जणांना बोलावून दाखवलंही. मागून थोडा निळसर धूर येत होता, पण जुन्या गाडीला धूर यायचाच. आमच्या काकांनाही खोकला होता, म्हणून काय त्यांचं तेल बदललं?

इथपर्यंत सगळं माझ्या एकट्याच्या अकलेवर चाललं होतं आणि नुकसानही माझं एकट्याचंच झालं असतं. पण मे महिन्यात महानंदाला युसूफ वडगावच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं तिची पदवी ट्रंकेत साड्यांच्या खाली होती. अप्पा वाईट माणूस नव्हते. पण सुनेनं नोकरी केली की लोक दुकानाबद्दल शंका घेतात, असा त्यांचा हिशोब. आठ दिवस मी त्यांच्या मागे लागलो. शेवटी एका सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून ते म्हणाले, "जाऊ दे एकडाव. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर पुन्हा ह्या घरात नोकरीचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे एकच संधी. महानंदानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती कामाला लागली. मुलाखतीत वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. तिनं प्रकाशाचं परावर्तन निवडलं. तीन तक्ते रंगवले, आरसा घेतला, बॅटरी घेतली, भाकरी थापताना पाठ म्हणायला लागली. मी सांगितलं, एसटीच्या गर्दीत तक्ते चुरगळतील, मी तुला गाडीनं नेतो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तेल बघून घ्या मग एकदा." मी हसलो.

मुलाखत साडेदहाची होती. आम्ही आठलाच निघालो. केजपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. केज सोडलं आणि इंजिनातून खटखट आवाज यायला लागला. महानंदा म्हणाली, आवाज येतोय. मी टेप मोठा केला. तापमानाचा काटा वर सरकला होता, ते मलाही दिसलं. पण त्या उन्हात माणूस तापतो, तर लोखंड का तापू नये? मी झारीकडे बघितलं. झारी विझलेली. मी निर्धास्त होतो.

पुढच्या चढावर गाडीनं खर्रर्र असा आवाज काढला, एक गचका दिला आणि ती जागच्या जागी थांबली. चावी फिरवली तर आतून काहीच हलेना. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेलं काळं रान, लांब एक लिंबाचं झाड, आणि मधोमध आम्ही. महानंदा खाली उतरली, बॉनेट उघडायला लावलं आणि तेल बघायची पट्टी ओढून काढली. (ती पट्टी तिथं असते, हे मला त्या दिवशी कळलं.) पट्टीच्या टोकाला डांबरासारखं काहीतरी चिकटलं होतं, तेवढंच. तिनं ते बोटांत चोळून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पट्टी परत जागेवर खोचली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून काळी-पिवळी जीप आली. आत चौदा माणसं होती, पण मराठवाड्यातल्या जीपला पंधरावं माणूस कधी जड होत नाही. महानंदा ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसली. पदर सावरला, काळी झालेली बोटं मुठीत लपवली. मी म्हणालो, तू हो पुढं, मी बघतो गाडीचं. जीप गेली.

आणि मी वळून बघतो तर मागच्या सीटवर तिन्ही तक्ते, आरसा आणि बॅटरी!

मी तक्ते घेऊन पळालो. आयुष्यात एवढा पळालो नाही. तक्ता डोक्यावर धरून हलवत, ओरडत, चपला हातात घेऊन पळालो. जीपमधल्या लोकांना वाटलं, नवरा प्रेमानं निरोप देतोय. मागच्या पाच-सहा जणांनी हात हलवले. मग पुढून महानंदाचाही हात बाहेर आला आणि तिनंही हलवला. जीप वळणाआड गेली. मी रस्त्यात बसलो, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांनी आलेली एकुलती एक संधी, आणि ती मी माझ्या मांडीवर घेऊन बसलो होतो.

वडगावकडे जाणारं दुसरं वाहन आलंच नाही, म्हणून केजकडे चाललेल्या एका लुनावाल्याबरोबर रज्जाकभाईंना निरोप पाठवला. अकरा वाजता रज्जाकभाई स्कूटरवर आले. तेव्हा तिकडे मुलाखत सुरू होऊन अर्धा तास झाला होता. त्यांनी पट्टी बघितली, गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "शिवाभाऊ, तेल कवा बदललंतं?"

"अजून दिवा लागला न्हाई," मी म्हणालो.

 त्यांनी आत बसून चावी फिरवली, झारी लागत नाही हे बघितलं, पान्ह्यांच्या पिशवीतून पेचकस काढला आणि डॅशबोर्ड खोलला. झारीच्या मागे दिव्याची जागा होती. दिवा नव्हता. हँडब्रेकच्या खुणेमागेही नव्हता.

"लागंल कसा? बल्बच न्हाई की आत," ते म्हणाले. "आन असता तरी काय? त्यो दिवा तेल बदलायचा नसतोय. तेलाचा जोर संपला की लागतोय. त्यो लागला की डॉक्टर न्हाई, नातेवाईक बोलवायचे असतेत."

मी विचारलं, इंजिन दुरुस्त होईल ना? त्यांनी पेचकस पुसून पिशवीत ठेवला आणि ट्रॅक्टर बघतो म्हणून निघून गेले.

ट्रॅक्टर यायला दुपार झाली. साखळी बांधून होत होती, तेवढ्यात समोरून तीच जीप आली आणि महानंदा उतरली. मी तक्ते पुढे केले. का केले, मलाच माहीत नाही. मी म्हणालो, माझ्यामुळं तुझं वाटोळं झालं, मी अप्पांच्या पाया पडतो, अजून एकदा विचारतो. ती गाडीच्या सावलीत टेकली, पाणी मागितलं आणि मग सांगायला लागली.

तक्ते नाहीत हे तिला शाळेच्या फाटकात उतरल्यावर कळलं. आत तिघेजण बसले होते. हेडमास्तरांनी आधी तिची काळी बोटं बघितली आणि विचारलं, हे काय? तिनं सांगितलं. साहित्य कुठंय? तेही सांगितलं. मग ते म्हणाले, बाई, साहित्याशिवाय जमेल तो पाठ घ्या. समोर उन्हाळी वर्गाची आठवीची तीस-पस्तीस पोरं होती.

"मग मी घर्षण घेतलं," महानंदा म्हणाली. "फळ्यावर लिवलं, वंगण म्हंजी काय, ते नसलं तर काय होतंय. सर म्हणले, व्यवहारातलं उदाहरण द्या."

"मग?"

"तुमचं दिलं."

सगळं दिलं होतं! पाच हजाराचा आकडा, मला आलेला संशय, पुस्तकातली झारी, भज्याची कढई, मोठा केलेला टेप. पोरं बाकावर लोळली म्हणे. हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, तुमचे मिस्टर आता कुठं आहेत? तर ही म्हणाली, "चढावर थांबलेत सर, कुणाला बघायचं असंल तर."

ते ऐकून ट्रॅक्टरवालाही हसायला लागला. मीही हसलो, कारण तिला हसताना बघून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

संध्याकाळी ट्रॅक्टरनं गाडी केजला टाकून आम्ही जीपनं घरी आलो. अप्पांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, कुणीतरी बल्ब चोरलेत. अप्पा शांतपणे उठले, गल्ल्याच्या कप्प्यातून एक काड्यापेटी काढली आणि उघडून पुढे धरली. आत कापसात गुंडाळून ठेवलेले दोन इवलेसे बल्ब. अप्पा रोज संध्याकाळी दुकानापुढे गाडीत बसून, चावी अर्धी फिरवून रेडिओवर बाजारभाव ऐकायचे. तेव्हा हे दिवे बिनकामाचे जळत बसायचे. ज्या माणसानं उभ्या जन्मात रिकाम्या खोलीत दिवा राहू दिला नाही, त्याला ते कसं बघवणार? दुकानाच्या ट्यूबलाइटी बघणाऱ्या वायरमनला बोलावून त्यांनी ते काढून घेतले होते. बॅटरीच्या खुणेचा तेवढा ठेवला होता, कारण त्यावर बॅटरीचं चित्र असल्यामुळे तो कामाचा असणार. (आता कळलं ना, चित्रं वाचायची विद्या मी कुठून घेतली ते?)

"फेकले न्हाईत, जपून ठेवलेत," अप्पा म्हणाले. "कावून, लागत होते का?"

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. अप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं, देवापुढे ठेवलं आणि शब्द दिला होता म्हणून गप्प बसले. पहिल्या दिवशी मात्र फाट्यापर्यंत सुनेची पिशवी घेऊन तेच गेले. महानंदा जीपनं जाऊ-येऊ लागली आणि दोन वर्षांनी नोकरीत कायम झाली.

एकदा तिचा डबा घरी राहिला म्हणून मी शाळेत द्यायला गेलो. मैदानात पोरं खेळत होती. मी शिपायाला महानंदाबाईंचा वर्ग विचारला, ते एकानं ऐकलं, खेळ थांबवला आणि दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "बे, त्ये बघ, बाईंचं उदाहरण आलं." मी डबा घेऊन तसाच उभा राहिलो. पोरं गोळा झाली आणि त्यातल्या एकानं हात वर करून मला विचारलं, "सर, तुमी खरंच टेप मोठा केलता का?" म्हणजे बघा, कायम व्हायला तिला दोन वर्षं लागली. मी पहिल्याच तासाला झालो होतो.