बेब्याची हाक

पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवण्यात विठूचा जन्म गेला, पण सर्वण गावात त्याचं नाव झालं ते गळ्यामुळे. तिथे बेडकाला बेबो म्हणतात. विठूने बेब्याची हाक मारावी आणि टपोरे टपोरे बेबे बांधावरून उड्या मारत त्याच्या पोत्यापाशी यावेत; धरून आत टाकायचे तेवढेच.

"बेब्यांचो जावय आयलो," लोक चिडवत. त्याला तो मान वाटे.

म्हणून नात अंकिताच्या शाळेत बेडकांवर बोलायला आलेली अभ्यासक सिद्धी म्हणाली, "विठूकाका, शेवटी तुमची हाक हवी," तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून, बायको ताराला घेऊन पुढच्याच बाकावर बसला.

सिद्धीने फळ्यावर दोन बेडूक काढले. "परदेशात अशी जोडी आहे. दिसायला सारखीच. पण एकाच्या अंगात गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले. पेशी मोठ्या झाल्या, हाक संथ झाली, आणि जातच वेगळी झाली. मादी रूप बघत नाही. हाक आपल्या जातीची असेल तरच येते."

"म्हणजे हाकेक बायलोच येतत?" अंकिताच्या वर्गातल्या साईशने विचारलं. पोरं खिदळली.

"मादीच येते. अंड्यांनी भरलेली."

विठूला आजवरची पोती आठवली. टपोरे म्हणून मिरवले ते हेच. पाय तारा तळायची, पोटातली अंड्यांची काळी गाबोळी कोंबड्यांना घालायची. आणि विणीच्या दिवसांत गाबोळीचा मासा धरू नये, हे गावाला शिकवत फिरणाराही तोच. त्याने ताराकडे पाहिलं. ती बांगड्या मागेपुढे करत होती.

"आजो, मार हाक," अंकिता म्हणाली.

साईश पुढे सरकला. "आजोबा, सावकाश मारा हां. आमकां शिकपाची आसा. यंदा बेबे आमी धरतले."

विठू उठला. खिडकीपलीकडे शेत होतं. हाक नेहमीसारखी बिनचूक घशाशी आलेली. त्याने ती ओढून लांबवली, मध्येच तोडली, वर खोकला काढला.

"हो बेबो न्हय, रेडो," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हशाने फुटला. अंकिताने मान खाली घातली.

"परत एकदा, काका?" सिद्धीने विचारलं.

"गळो गेलो, बाय. आता जमना."

पोरांचं हसू त्याने निमूट घेतलं. पण सिद्धी "असू दे, या वयात एवढं कोण करतं" म्हणत टाळ्या वाजवू लागली, तेव्हा कुठे बघावं ते त्याला कळेना.