चार वेढ्यांचं बटण

मावशीला भित्री म्हटलं तर ती हसून कबूल करायची. शिवणाच्या दुकानात कामाला होती; तिथला मालक नुसता खाकरला तरी हिची सुई बोटात! पण हीच भित्री बाई सुट्टीच्या दिवशी घराचं दार लावून, गणवेशांच्या उरल्यासुरल्या कापडातून कामगारांच्या नाटक मंडळीसाठी पोलिसाचा कोट शिवायची. नवऱ्याला संपात कामावरून काढलं, तेव्हा सख्खे भाऊसुद्धा तोंड लपवत होते. ह्या मंडळींनी मात्र कारखान्याच्या फाटकावर नाटक करून त्याची बाजू चारचौघांत मांडली होती. ते तिने मनात जपून ठेवलं होतं.

काल फाटकावर नाटक चालू असताना पोलिसांच्या लाठ्या पडल्या. मंडळी पळाली, कोट मागे राहिला. आज सकाळी तोच कोट घेऊन पोलीस साहेब मावशीच्या दुकानात हजर. खऱ्या पोलिसांचे गणवेशही ह्याच दुकानात शिवले जात.

"बटण बघा," साहेब मालकाला म्हणाला. "खाली दोऱ्याचे चार वेढे. माझ्या सदऱ्यालाही अस्संच आहे. कोणाचा हात हा?"

मालक मापाची फीत गुंडाळू लागला. साहेबाने चौघी शिवणाऱ्या बायकांपुढे चिंध्या टाकल्या. "लावा एकेक बटण."

मावशी सुई ओवू लागली. आपल्याला धरलं तर मंडळींची नावं विचारतील, मारतील; आणि आपल्या तोंडाचा काय भरवसा? तिने मुद्दाम बटण ढिलं, वाकडं लावलं, एकही वेढा न देता. सुटले गं बाई, असं मनात म्हणत तिने मान वर केली.

तर काय, बाकी तिघींनी चार-चार वेढे दिलेले! देणारच की. तिघींनाही हे काम तिनेच शिकवलं होतं.

"म्हणजे ह्या तिघींपैकी," साहेब म्हणाला. "तिघीही चला गाडीत. म्हातारीला राहू दे, तिला धड बटणही लावता येत नाही."

तिघींतली एक पोटुशी होती. तिने मावशीकडे पाहिलं आणि तिचं नाव न घेता गाडीकडे निघाली. मावशीला स्वतःची लाज लाज वाटली.

ती पुढे झाली. आपली चिंधी ओढून घेतली, बटण उसवलं आणि साहेबासमोर पुन्हा लावलं, चारही वेढे देऊन.

"पोरींना सोडा, साहेब. मीच शिकवलंय त्यांना. कोट मी शिवलाय."

"आणि घालणारे कोण?"

"मला नाही माहीत."

"आठवेल, आठवेल," साहेब शांतपणे म्हणाला.

गाडीत बसल्यावर ती एकेक नाव विसरायची खटपट करू लागली, आणि एकेक नाव जास्तच आठवत गेलं.