माने बाई कुणाच्या

माने बाई पहिल्यांदा कुणालाही भेटल्या की त्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघत. आठवीच्या वर्गात त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला एकेक करून उभं केलं आणि कानाची पाळी बघितली. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, एवढंच. माझ्यापाशी आल्या, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "सायझिंगमधल्या शंकरचा न्हवं तू? त्याचाच कान हाय ह्यो." वर्ग हसला. मी मान खाली घातली, पण आतून बरंही वाटलं. सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यात राबणाऱ्या माझ्या वडिलांचं नाव शाळेत कुणी कौतुकानं घेतल्याचं ते पहिलंच.

कबनूरच्या आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत. आवाज कायम दमलेला, जणू घरून चालत आल्या आणि अजून श्वास बसला नाही. आनुवंशिकतेचा धडा संपला की म्हणायच्या, "पुस्तकात लिहिलंय तेवढं सोपं नसतंय हे. पण परीक्षेत तेवढंच लिहा." कुणी जादा प्रश्न विचारला की, "विचार, विचार. मलाबी ठाऊक न्हाय, पण तू विचार."

आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. घराच्या दोन्ही अंगांना माग चालायचे, त्यामुळे अभ्यास म्हणजे ओठ हलवणं, स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. दहावीचं वर्षभर बाईंनी मला त्यांच्या पुढच्या खोलीत बसू दिलं. तिथंच मला आजी भेटल्या, बाईंच्या आई. बुटक्या, काळ्याभोर, दातांना मिश्री लावलेल्या. निपाणीकडच्या असल्यामुळे बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द टाकायच्या. बाई उंच, गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या. दोघी शेजारी बसल्या की बघणाऱ्याला जे कळायचं ते गावाला केव्हाच ठाऊक होतं. आजींना आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे माग दुरुस्त करणारे जॉबर असलेल्या तात्यांना, मूल झालं नाही. त्यांनी कोल्हापूरच्या एका अनाथाश्रमातून काही महिन्यांची मुलगी आणली. आजींच्या भावाला ते पटलं नाही. "कुणाचं पोर घरात घेतलंस," असं तो म्हणाला, आणि आजींनी माहेरची वाट कायमची बंद केली.

बाईंना हे कळलं ते एका बैठकीत. ही हकिकत मला माझ्या आईनं सांगितली. बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, चांगलं स्थळ आलं होतं. पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणे कूळ विचारलं, मग देवक विचारलं. तात्यांनी सांगितलं. तेव्हा बाईंचे सख्खे चुलते पान जुळवत म्हणाले, "देवक आमचं हाय, पोरगी न्हाय." पाहुणे चहा न घेता उठले. बाई आत पोह्यांच्या बशा भरत होत्या. त्या दिवसानंतर त्या पुन्हा कुठल्याच पाहुण्यांसमोर बसल्या नाहीत.

मी पुढे जैवतंत्रज्ञानात पदवी घेतली, एम.एस्सी. केलं आणि कोल्हापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो. तात्या तोवर गेले होते. निवृत्तीनंतर बाई आजींना घेऊन कळंब्याला राहायला आल्या, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. आजींच्या गुडघ्यांसाठी दवाखाना जवळ हवा होता. पण मग बाईंचीच तपासण्यांची रांग लागली. प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, घरात कुणाला साखर होती, कुणाला हृदयाचा त्रास होता? बाई म्हणायच्या, माहीत नाही. एकदा परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "सदा, जन्मभर दुसऱ्यांची पोरं कुणाची ते सांगितलं. आता मरायच्या आधी माझं मला कळू दे. बास, एवढंच. मग मी दमायला मोकळी."

डीएनए तपासणीची नळी मीच मागवून दिली. घरी बसून नळीत थुंकायचं, झाकण लावायचं आणि पाठवून द्यायचं. आजी पलंगावरून सगळं बघत होत्या.

"थुकी कुणाच्या हातात देऊ नये," त्या म्हणाल्या. "करणी करत्यात."

"आजी, ही मोठी कंपनी आहे. थुंकीवरून माणूस कुणाचं ते कळतं."

"कसं कळतंय?"

"ज्यांच्याशी नातं जुळतं त्यांची नावं येतात."

आजी पलंगावर उठून बसल्या. मग मला म्हणाल्या, "मग माझं येईल न्हवं?"

मी बाईंकडे बघितलं. बाई पंख्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नळीत थुंकून ती खिडकीत ठेवली.

काही आठवड्यांनी निकाल आला. रंगवलेला नकाशा होता, त्यावर दक्षिणेकडे मोठा डाग. बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "एवढ्यासाठी समुद्रापलीकडं थुकी धाडली व्हय?" पण खाली एक नाव होतं. शिल्पा, बेंगळुरूची. जवळचं नातं, चुलत किंवा मामे-मावस असावं, असा अंदाज दिला होता. बाईंनी ते नाव बोट ठेवून दोनदा वाचलं. त्यांनी मला तिथंच बसवून निरोप लिहायला लावला, तीनदा बदलायला लावला आणि शेवटी पहिलाच पाठवला.

शिल्पाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला. आजी दारापाशी बसून लसूण सोलत होत्या. पोरगी बोलकी होती. गंमत म्हणून मैत्रिणींबरोबर तपासणी केली होती म्हणे.

"आमचं मूळ गाव निपाणीजवळ," ती म्हणाली. "आजोबा तंबाखूच्या वखारीत होते. बाळाप्पा नाव. त्यांची एक बहीण होती, कबनूरला दिलेली. पण आमच्याकडं तिचं नाव काढत नाहीत कुणी."

बाईंनी हळूच आजींकडे बघितलं. बाळाप्पा म्हणजे आजींचा तोच भाऊ. इतक्या वर्षांत मी बाईंचा तसा चेहरा पाहिला नव्हता. एखाद्या मुलीसारखा उजळला. "आई," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तुमच्याच घरातली? तुला ठाऊक होतं? कुणाची गं मी? मामाची?"

आजींनी सोललेल्या पाकळ्या परातीत टाकल्या आणि खाली बघूनच म्हणाल्या, "थुकी माझी हाय ती."

फोनवर शिल्पा हॅलो हॅलो करत होती. बाईंनी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला.

"तू दूधवाल्याशी बोलाय गेलतीस," आजी सांगायला लागल्या. "नळी खिडकीत हुती. वतून टाकली, सोच्छ धुतली. पर माझ्या तोंडाला थुकीच सुटंना. मग चिंच चघळली. लई येळ लागला बाई."

"पण का?" बाईंनी विचारलं.

"सदा म्हणला, नावं येत्यात. म्हटलं माझं यिऊ दे. दुसऱ्या कुणाचं आलं आन् तू गेलीस तर मी काय करू?"

मला हसू येत होतं आणि रडूही, पण बाईंकडे बघून दोन्ही जिरलं. त्या उठून आत गेल्या.

पुढचे कितीतरी दिवस बाई आईशी बोलल्या नाहीत. वेळेवर भाकरी वाढायच्या, गोळ्या द्यायच्या, गुडघ्यांना तेल लावायच्या, पण बोलायच्या नाहीत. कळंब्याच्या तलावावर आमची रोजची फेरी असायची. तिथं एकदा कठड्यावर बसून म्हणाल्या, "आयुष्यात एक गोष्ट माझ्यापुरती मागितली होती रे. तीबी तिनंच घेतली. आता रागवू तरी कुणावर? तिच्यावर? ह्या वयात?"

मी दुसरी नळी मागवली. बाईच म्हणाल्या होत्या. या वेळी त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. आजी पलंगावर होत्या. त्यांनी नळी बघितली आणि म्हणाल्या, "थुक की. मी काय करत न्हाय आता. बघत बी न्हाय." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. लहानशी पाठ, पातळाचा पदर डोक्यावरून ओढलेला. बाई नळी तोंडाशी धरून बसल्या. बराच वेळ बसल्या. तोंड कोरडं पडलं होतं. मी पाणी विचारलं तर मानेनंच नको म्हणाल्या. शेवटी रिकाम्या नळीलाच झाकण लावलं आणि माझ्यापुढं सरकवली.

"न्हाय होत," त्या म्हणाल्या. "कळावंसं वाटतंय अजून. खोटं कशाला बोलू? रोज वाटतंय. पण ही असं भिंतीकडं बघत पडणार आणि मी थुंकणार, हे मला न्हाय जमत. राहू दे."

मग पलंगाकडे वळून, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या, "ऊठ, चहा टाकते. साखर किती?"

"रोज घालतीस तेवढीच घाल की," आजी भिंतीशीच बोलल्या.

त्याच आठवड्यात बाईंनी शिल्पाला फोन करून सगळं खरं सांगितलं. थुंकी तुझ्या आजोबांच्या बहिणीची, माझी नव्हे. माझं तुमच्याशी रक्ताचं काही नाही. मला वाटलं पोरगी संपवेल विषय. ती म्हणाली, "पण त्यांची मुलगी तुम्हीच ना? मग आत्याच की तुम्ही माझ्या." दिवाळीत ती खरोखरच आली. आजींनी तिला समोर बसवून तिच्याशी कानडीत बोलायला सुरुवात केली. इतकी कानडी त्यांना येते हे बाईंनाही माहीत नव्हतं. आजी मधूनच रडायच्या, मधूनच भावाला शिव्या द्यायच्या, आणि शिल्पा मान डोलवत ऐकायची. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. मला म्हणाल्या, "बघ, माझ्या तपासणीत हिचं माहेर सापडलं."

आजी पावसाळ्याच्या तोंडाशी गेल्या. पहाटे झोपेतच. कबनूरहून भावकी आली. मयत बाईच्या अंगावर माहेरची साडी घालतात, ती आल्याशिवाय उचलत नाहीत. म्हाताऱ्या बायका कुजबुजायला लागल्या, हिचं कुठलं आलंय माहेर, उगीच खोळंबा. बाई म्हणाल्या, "येतीय. थांबा." दिवस कलायला आला तेव्हा शिल्पा बेंगळुरूहून गाडीनं पोहोचली. हातात हिरवी साडी होती. विधवेला हिरवी चालत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारी काही बोलायला गेली, पण बाईंनी साडी हातात घेतली आणि स्वतः पसरली.

पंचगंगेच्या घाटावर गेलो. लाकडं रचून झाली. बाईंचा चुलतभाऊ बाबूराव, बैठकीत बोललेल्या त्या चुलत्यांचा मुलगा, पुढे झाला. त्यानं शर्ट काढून खांद्यावर टाकला आणि पाण्याच्या मडक्याला हात घातला.

"ठेवा ते," बाई म्हणाल्या. "मी देणार अग्नी."

"ताई, तसं न्हवं," बाबूराव म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला ते खरंच तसं वाटत होतं. "तू लई केलंस काकूचं, कोण न्हाय म्हणतंय? पर ह्याला रक्ताचं माणूस लागतंय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. सबंध दिवसाचं, सबंध आयुष्याचं दमलेपण त्या चेहऱ्यावर होतं. भांडायची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती.

"रक्ताचं तपासून झालंय, पावणं," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं रिपोर्ट आलाय. तिच्या सख्ख्या भावाच्या नातीशी माझं नातं निघालंय. ही बघा, उभी हाय."

भावकीतली माणसं शिल्पाकडे बघायला लागली. शिल्पा खाली बघत उभी राहिली. बाबूराव गोंधळला आणि माझ्याकडे वळला.

"सदा, तू शिकलेला गडी. तुझ्याच हातनं झालं म्हणं सगळं. खरं हाय का रं हे?"

बाईंनी मला शिकवलं होतं की जे दिसलं तेच लिहावं. मी रिपोर्ट पाहिला होता. त्यावर बाईंचं नाव होतं आणि नातं जुळलेलं होतं.

"खरं आहे," मी म्हणालो.

बाबूरावनं मडक्यावरचा हात काढला आणि बाजूला झाला. बाईंनी मडकं खांद्यावर घेतलं आणि त्या चितेभोवती चालायला लागल्या. दुसऱ्या फेरीला त्यांचा गुडघा लचकला, पाणी साडीवर सांडलं. शिल्पानं पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं.

"हळू, आत्या," ती म्हणाली.