सुनेचे डिंकाचे लाडू आणि सिंगापूर

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलला सून बाळंत झाली, तेव्हा तिच्यासाठी आम्ही पुण्याहून डिंकाचे लाडू घेऊन निघालो. वाटेत सिंगापूरला मुक्काम होता. न्यूझीलंडात लाडू जप्त होतील या धास्तीने हिने नदीतल्या बोटीतच डबा उघडला.

"एकेकच हं," ही म्हणाली.

मग ऑर्किडच्या बागेत एकेक झाला, आकाशपाळण्यात एकेक. चायनाटाउनात डबा संपला आणि आम्ही भर रस्त्यात खिदळत सुटलो, जणू बाळंतपण आमचंच होतं. सुनेच्या घरी पोहोचल्यावर मात्र सांगितलं, विमानतळावर काढून घेतले. सून इतकी वर्षं त्या अधिकाऱ्यांच्या नावाने खडे फोडत होती.

परवा तिच्याच घरी तिला खरं सांगितलं.

"तरीच बाबा, तुमची कंबर अजून शाबूत आहे," ती म्हणाली. "माझीच दुखते. आता घरभर व्हॅक्यूम तुम्ही मारा."

मी आनंदाने मारतो.