क्लेमेंटीनच्या वाट्याच्या टाळ्या

आमच्या निर्मळ गावच्या क्लेमेंटीनला विचारलं, तुम्ही काय करता, तर ती सांगते, "शाळेत म्युझिक शिकवत होते, आता रिटायर झाले." यात खोटं काही नाही, पण खरं सांगायचं ते ती खुबीने गाळते. क्लेमेंटीन ऑपेरात गाते. आता ऑपेरा म्हणजे काय, हे तिच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. "नाटकच, पण बोलणं नाही, सगळं गाणंच. आणि माइक नाही," इतकं तिची आई मार्था सांगते आणि वर जोडते, "आमच्या क्लेमूला माइक लागतोच कशाला!"

खरंच लागत नसे. लहानपणी केळीच्या वाडीच्या या टोकाला उभं राहून तिने भावाला, पॉलला हाक मारली, की शेजारच्या आळीतले आणखी दोन पॉल ओ देत. चर्चच्या गायनमंडळात मात्र हाच आवाज तिला नडला. "क्लेमेंटीन, जरा हळू, बाकीच्यांचं ऐकू येत नाही," हे ऐकत ती मोठी झाली. एका लग्नात वांद्र्याच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तो आवाज ऐकला आणि म्हणाल्या, हा दाबायचा नाही, वाढवायचा. मग बाजारात मोगरा विकून झाला की पोर तशीच वांद्र्याला शिकायला जायची. इटालियन शब्द देवनागरीत लिहून घ्यायची आणि झाडांना पाणी घालताना घोकायची. झाडांना इटालियन कळत नव्हतं, तिलाही फारसं नव्हतं, त्यामुळे कुणाचीच तक्रार नसे.

पण मुंबईत ऑपेरा काय रोज उठून होतो? कधीतरी, एखाद्या वर्षी. मुख्य गायिका परदेशातून यायच्या आणि मागे घोळक्यात उभं राहायला इथली माणसं लागायची. क्लेमेंटीन त्या घोळक्यातली. कधी दासी, कधी बाजारातली बाई, कधी कुणाच्या तरी लग्नातली वऱ्हाडी. तिचं स्वतःचं लग्न शाळा, वाडी आणि तालमी यांच्यात राहूनच गेलं. त्याची खंत तिला कधी वाटली नाही. खंत होती ती टाळ्यांची. टाळ्या पडत, पण सगळ्यांना मिळून, आणि त्यातल्या आपल्या किती, हे कळायला मार्ग नव्हता. तिला हाव नव्हती हो. एकदा, एकटीने गावं आणि संपल्यावर आपल्या एकटीसाठी टाळ्या वाजाव्यात, एवढंच तिला हवं होतं. ते मात्र तिला फार हवं होतं.

साठी उलटल्यावर, मागच्या हिवाळ्यात, तिला म्हाताऱ्या जोगिणीची, म्हणजे ननची, भूमिका मिळाली. मठातली एक जोगीण, मरणाऱ्या मुलीसाठी एकटी प्रार्थना गाते, एवढीच. पण एकटी! निर्मळला बातमी पोचली आणि दोन बस भरल्या. नव्वदीला टेकलेली मार्था ठेवणीतलं लाल लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. शेजारचे आत्माराम काका देवळातलं सकाळचं कीर्तन अर्ध्यावर टाकून आले.

रविवारी दुपारचा खेळ होता. भाड्याच्या काळ्या झग्यात क्लेमेंटीन पुढे आली, गुडघे टेकले आणि गायली. कशी गायली, ते मी काय सांगू? जन्मभर 'जरा हळू' ऐकलेला तो आवाज त्या दिवशी कुणाचं न ऐकता छतापर्यंत गेला. शेवटचा सूर संपला. ती तशीच थांबून राहिली.

टाळी वाजली नाही.

झालं होतं असं, की झगा, क्रूस, टेकलेले गुडघे आणि प्रार्थना एवढं दिसल्यावर आमची निर्मळची माणसं उठून उभी राहिली होती. हात जोडलेले, माना खाली. गाणं संपल्यावर त्यांनी हलकेच 'आमेन' म्हटलं. प्रार्थनेच्या गाण्याला टाळ्या वाजवायच्या नसतात, हे फादरनी तीन पिढ्यांच्या हाडात मुरवलं होतं. आत्माराम काकांनीही हात जोडले. मागे मुंबईच्या दोघाचौघांनी टाळ्यांसाठी हात उचललेही, पण पुढच्या रांगा अशा उभ्या पाहून त्यांना वाटलं, अशीच रीत असेल, आणि तेही थांबले. वाद्यवृंदवाल्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि पुढचं वाजवायला घेतलं.

परतताना बसमध्ये जो तो तिचं कौतुक करत होता. "अंगावर काटा आला गं," म्हणत होता. क्लेमेंटीन खिडकीबाहेर बघत हं हं करत होती. तो ऑपेरा पुन्हा होणार नव्हता, आणि दुसरा होईल तेव्हा आपला श्वास पुरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉल ओशाळून म्हणाला, "मी वाजवणार होतो गं. आयने हात धरले माझे."

मार्था ओटीवर फुलं निवडत बसली होती. क्लेमेंटीन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आय, पॉलचे हात का धरलेस?"

"मग? देवाच्या गाण्याला टाळ्या वाजवतात?"

"देवाचं नव्हतं गं ते. नाटक होतं."

मार्था गोंधळली. "मला वाटलं, तू खरंच देवाकडे काही मागतेस. इतकं जीव तोडून मागत होतीस."

"टाळ्याच मागत होते मी, आय."

आणि साठी उलटलेली ती बाई लहान पोरीसारखी रडायला लागली. मार्थाने मांडीवरची फुलं बाजूला केली. हात लुगड्याला पुसले आणि टाळ्या वाजवायला लागली. बोटं वाकलेली, आवाज धड येत नव्हता, पण ती वाजवत राहिली. रस्त्यावरून स्कूटर थांबवून लोक बघायला लागले.

"पुरे आय, हात दुखतील," क्लेमेंटीन म्हणाली. पण आईचे हात काही तिने धरले नाहीत.